लाटसाहेबाचा बंगला आणि नोकरांची वाट



मी कामगार चळवळीतला माणूस. वास्तुकलेवर हा काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. पण घर बांधणे हे जसे पैशाचे आणि कल्पनेचे काम आहे, तसे ते रोज चालते ठेवणे हे हातांचे काम आहे. ते हात घरात कोणत्या दाराने शिरत आणि कोणत्या दाराने बाहेर पडत, एवढे विचारण्याचा अधिकार मला असावा.

गोष्ट आपल्याच हद्दीतून सुरू होते. दापोडीचे नाव काढले की आपल्याला एस. टी. ची कार्यशाळा आठवते. पेशवाईच्या अखेरीस तेथे कॅप्टन फोर्ड याची छावणी होती. पेशव्यांच्या पैशावर उभी राहिलेली त्याची पलटण ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध इंग्रजांना जाऊन मिळाली. फोर्डचा दापोडीचा बंगला पुढे १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या वेळी सरकारने घेतला. पावसाळ्यात गव्हर्नर पुण्याकडे येत, ते येथे उतरत. शेजारी वनस्पतींची सरकारी बाग होती आणि तिथल्या झाडाफुलांची हिंदी चित्रकाराकडून काढवून घेतलेली चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. तीस-पस्तीस वर्षे इलाख्याच्या लाटसाहेबाला दापोडी पुरली.

मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पुराच्या भरात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी १८६४ मध्ये गणेशखिंडीला नव्या बंगल्याचे काम काढले. दापोडीची मिळकत विकून टाकण्यात आली. युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. बांधकाम मात्र चालूच राहिले आणि ते १८७१ मध्ये पुरे झाले. खर्च अंदाजाबाहेर गेला म्हणून विलायतेच्या पार्लमेंटात बरीच टीका झाली. टीका करणाऱ्यांना उधळपट्टीचा राग होता. तो पैसा कोणाचा, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

आराखडा जेम्स ट्रुबशॉ या वास्तुशिल्पकाराचा. नमुना म्हणून डोळ्यांसमोर होते ते व्हिक्टोरिया राणीचे वाइट बेटावरील ऑस्बोर्न हाऊस. राणीचा पती अल्बर्ट याने थॉमस क्यूबिट या बांधकाम व्यावसायिकाला हाताशी धरून १८४५ ते १८५१ या काळात ते उभारले. घाट इटालियन खेडवळ हवेलीचा: चौकोनी उंच मनोरे, कमानींच्या ओळी, सज्जे. गणेशखिंडीचा तो उंच मनोरा पाहिलात म्हणजे ऑस्बोर्नची आठवण कोठून आली ते कळते. फक्त दगड आपला, सह्याद्रीचा काळा पाषाण. (जाता जाता सांगतो, याच क्यूबिटच्या भावांच्या कंपनीत १८३४ मध्ये टाळेबंदी झाली होती, आणि तंट्याचे निमित्त होते कामावर कोणाची बीअर प्यायची हे. एक बीअरवाला संघटनेच्या माणसांना काम देत नव्हता, म्हणून कामगारांनी त्याची बीअर नाकारली. बहिष्काराचे शस्त्र असे जुने आहे.)

इंग्रजांचा खेड्यातला वाडा, म्हणजे ज्याला ते कंट्री हाऊस म्हणतात, आणि आपला वाडा यांत मूळचाच फरक आहे. आपला वाडा रस्त्याकडे पाठ फिरवून बसतो. बाहेरून भिंत आणि दिंडीदरवाजा. सगळा जीव आतल्या चौकात. इंग्रजी वाडा उलटा, तो बाहेर पाहतो. कारण भोवतालची जमीन त्याची असते, कुळांचा खंड त्याच्याकडे येत असतो, आणि ‘हे माझे’ असे त्याला खिडक्याखिडक्यांतून म्हणायचे असते. फाटकापासून घरापर्यंतची वाट पुष्कळदा मुद्दाम वळणे देऊन नेतात, म्हणजे पाहुण्याला घर एकदम दिसावे आणि त्याची छाती दडपावी.

परंतु अशा घराला राबणारी माणसे लागत पन्नास, आणि मालकाला ती दिसायला नको असत. सतराव्या शतकात रॉजर प्रॅट याने कोल्सहिल हे घर बांधले, त्यात मागचे जिने वेगळे काढले. भांडी नि बादल्या घेऊन जाणारा नोकर धन्याच्या पुढ्यात येऊ नये हा हेतू. पुढे ही रीतच पडली. अपार्क नावाच्या वाड्यात स्वयंपाकघरापासून मुख्य घरापर्यंत जमिनीखालून भुयार आहे. तेथे १८८० पासून तेरा वर्षे एक बाई घरव्यवस्था पाहत होती. तिचा मुलगा सुट्टीत येई आणि धन्याच्या कपाटातली पुस्तके वाची. तो मुलगा म्हणजे एच. जी. वेल्स. भुयाराच्या बाजूने घर पाहिलेल्या माणसाने पुढे त्या समाजावर काय लिहिले, ते वाचण्यासारखे आहे.

गणेशखिंडीच्या इमारतीखालीही भुयारी वाट आहे. आपल्याकडे भुयार म्हटले की खजिना, नाहीतर घोड्यावरून थेट सिंहगड! ही वाट तशी नाही. स्वयंपाकघरातले नोकर वर न दिसता जेवणघराकडे यावेत म्हणून ती होती, असे सांगतात. आणि वरच्या साऱ्या इंग्रजी रिवाजाशी ते जुळतेही.

येथे आपण छाती फुगवू नये. आपल्या वाड्यांना असे भुयार लागले नाही, कारण ते काम शिवाशिवीने भागत होते. कोणी उंबऱ्यापाशी थांबायचे, कोणी परसदारी, कोणी तेथेही नाही, हे दगडाशिवाय ठरलेले होते. आणि फार दूर कशाला जायचे? आपल्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात, नाव घेत नाही, नवे कॅन्टीन बांधले तेव्हा अधिकाऱ्यांना समोरचा जिना आणि कामगारांना मागचा, असा नकाशा निघाला. वाटाघाटीत पगारवाढीच्या कलमाशेजारी आम्ही जिन्याचे कलम ठेवले; समोरची मंडळी हसली. चार महिन्यांनी जिना एक झाला. पण कंत्राटी कामगारांनाही त्याच जिन्याने वर घ्या असे मी म्हटले, तेव्हा हसले ते आमचेच कायम कामगार. ‘मग त्यांच्यात नि आमच्यात फरक काय राहिला?’ असे एकाने मला तोंडावर विचारले. त्या सभेत मी हरलो. कंत्राटी पोरे आणखी दीड वर्ष शेडमध्ये पत्र्याखाली डबा खात होती.

आता १८९७ साल. पुण्यात प्लेग होता. रँडच्या अमलाखाली सोल्जर घरोघर झडत्या घेत होते, बुटांनिशी देवघरात आणि चुलीपर्यंत जात होते. रोग आवरायला कडक उपाय हवे होते, हे मी नाकारत नाही. पण ज्या राज्यकर्त्यांनी आपल्या स्वयंपाकाची वाट जमिनीखाली दडवली, त्यांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघराला उंबरा असतो हे कळू नये, याला काय म्हणावे? २२ जूनच्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ झाला, तोही राणीच्याच घराच्या नमुन्यावर बांधलेल्या या बंगल्यात. पाहुणे घरी निघाले. गाड्या फाटकातून एकामागून एक बाहेर पडत होत्या, आणि पुढचा पुण्याचा रस्ता त्या काळी ओसाड होता. पाहुण्याची छाती दडपावी म्हणून वस्तीपासून दूर घेतलेली जागा त्या रात्री अशी उलटली. आपल्या चिंचवडचे दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर त्या अंधारात उभे होते. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. बाळकृष्ण, वासुदेव आणि त्यांचे सोबती महादेव रानडे यांना मे १८९९ मध्ये.

त्याच प्लेगात, त्याच वर्षी १० मार्चला, रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. गणेशखिंडीच्या भिंती चढत होत्या त्या काळात, १८६८ मध्ये, फुले दांपत्याने गंजपेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. ते घर लहान आहे. मनोरा नाही, गाडीखाना नाही. आणि पाण्यापर्यंत जायची वाट सगळ्यांना एकच.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि लाटसाहेबाचा बंगला विद्यापीठाकडे आला. २०१४ मध्ये त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव दिले गेले. आपल्यापैकी ज्यांची मुले तेथे शिकतात त्यांनी एखाद्या दिवशी त्यांच्याबरोबर जावे. मनोरा लांबूनच दिसेल. इमारतीला एक पूर्ण फेरी मारा, आणि मागच्या बाजूला जरा जास्त वेळ थांबा.