पायगाडीचा दिवा

मराठीत सायकलीला एके काळी ‘पायगाडी’ असे सुटसुटीत नाव होते. या पायगाडीच्या दिव्याचा इतिहास हा विषय प्रथमदर्शनी कोणासही क्षुल्लक वाटेल. परंतु त्या लहानशा दिव्याभोवती इंग्लंडात पन्नासांहून अधिक वर्षे वाद चालला होता. अंधाऱ्या रस्त्यावर दुर्बळाचा जीव राखण्याचे दायित्व कोणाचे, त्या दुर्बळाचे की त्याच्या मागून वेगाने येणाऱ्या बलवानाचे, हा त्या वादाचा खरा विषय होय. मॉरिशस बेट १८१० पासून १९६८ पर्यंत इंग्रजी अमलाखाली होते आणि रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने हाकण्याची रीत आपण आजही पाळतो. तेव्हा इंग्लंडातील रस्त्यांवरचा हा वाद आपणांस अगदीच परका मानण्याचे कारण नाही.

१८७० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या सायकलीचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे अगदीच चिमुकले असे. अशा वाहनास दिवा लावावा तरी कोठे? बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकस यांच्या कारखान्याने तो पुढच्या चाकाच्या आत, आरांच्या मधोमध, आसालाच टांगला. चाक भोवती फिरत राही आणि दिवा आपल्या भाराने सरळ लोंबत राही. ‘किंग ऑफ द रोड’, म्हणजे रस्त्याचा राजा, असे त्याचे भपकेदार नाव. नाव राजाचे असले तरी उजेड तेलाच्या वातीचाच होता. त्याने रस्ता दिसण्यापेक्षा स्वार येत आहे एवढेच समोरच्यास कळे.

१८९२ साली कॅल्शियम कार्बाइड विपुल प्रमाणात तयार करण्याची युक्ती सापडली आणि शतक संपण्यापूर्वीच कार्बाइडचे दिवे सायकलींवर आले. वरच्या भांड्यातले पाणी थेंबाथेंबाने खालच्या खड्यांवर पडे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघे आणि तो पांढऱ्याशुभ्र ज्योतीने जळे. थेंब कमीअधिक केला की ज्योत लहानमोठी होई. लसणासारखा उग्र वास सुटे, आणि घरी आल्यावर तळाशी साचलेला चुन्याचा रबडा खरवडून काढावा लागे. तथापि सायकलस्वाराला रस्ता खरोखर दाखविला तो प्रथम या कटकटीच्या दिव्यानेच.

मध्यंतरी कायदा जागा झाला होता. १८८८ च्या स्थानिक राज्यकारभारविषयक कायद्याने सायकलीला ‘गाडी’ ठरविले आणि सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वी एका तासापर्यंत तिच्यावर पुढे उजेड टाकणारा दिवा असलाच पाहिजे, असा दंडक घातला. मोडणाऱ्यास चाळीस शिलिंगांपर्यंत दंड. गंमत अशी की, गवताच्या भाऱ्यांनी लादलेल्या घोडागाडीस देशभर लागू होणारा असा नियम यावयास १९०७ साल उजाडावे लागले. एकोणीस वर्षे सायकलवाल्याने दिवा लावून जावे आणि बिनदिव्याच्या गाडीवर जाऊन आदळावे, असा हा न्याय! दुबळ्याला आधी अडविण्याची कायद्याची ही खोड आपल्या पूर्वजांनीही अनुभवली होती. १८६७ च्या मजूरविषयक कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. दोन्ही गोष्टी एकाच मापाच्या नाहीत, हे उघड आहे; परंतु खोड तीच.

खरे रण माजले ते मागच्या दिव्यावरून. मोटारी वाढल्या तशी त्यांच्या चालकांकडून मागणी येऊ लागली की सायकलीच्या मागे तांबडा दिवा सक्तीचा करावा. १८७८ साली स्थापन झालेली सायकलस्वारांची जुनी संस्था, सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब, हिने त्यास कसून विरोध केला. तिचे म्हणणे असे, की जेवढे अंतर आपल्या दिव्यात दिसते तेवढ्यातच थांबता येईल अशा वेगाने मोटार हाकणे, हे चालकाचे कर्तव्य आहे. आज सायकलवाल्याच्या पाठीवर दिवा लादलात, तर उद्या पादचाऱ्याच्या आणि गाईगुरांच्या पाठीवरही लादाल काय? शिवाय मागचा दिवा वाटेत विझला तर स्वाराला ते कळावे कसे? मला विचाराल तर तत्त्व म्हणून क्लबाची बाजू निर्विवादपणे बरोबर होती. मात्र अंधारात निजलेल्या रस्त्यावर तत्त्व दिसत नाही, तांबडा ठिपका दिसतो, हेही तितकेच खरे. १९२७ च्या कायद्याने तडजोड केली: तांबडा दिवा नाही तर परावर्तक, म्हणजे मागून येणाऱ्याचाच उजेड त्याच्याकडे परतवणारी काच, दोहोंपैकी एक असावे. पुढे १९३४ साली मागच्या बाजूस पांढरा पट्टाही आला. सायकलीच्या मागच्या मडगार्डाचे टोक पांढरे रंगविण्याची चाल अनेकांनी पाहिली असेल. तिचे मूळ या पट्ट्यात असावे.

दुसऱ्या महायुद्धाने वाद मिटविला. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनभर दिवेबंदी झाली. रस्त्यांवरचे दिवे मालवले, मोटारींच्या दिव्यांवर झापडे चढली. मागून येणाराच आंधळा झाल्यावर परावर्तक काय परतविणार? सायकलीस मागचा दिवा सक्तीचा झाला. पेट्रोल मोजूनमापून मिळत असताही १९४१ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ९१६९ माणसे मेली. युद्ध सरले तरी ती सक्ती गेली नाही. १९४५ च्या कायद्याने ती कायम झाली.

इंग्रजी अमलातील मुलुखांत सायकलीबरोबर हे नियमही पोचले. सायकलींचे शहर म्हणून गाजलेल्या पुण्यात बिनदिव्याची सायकल हाकणे हा गुन्हा होता, आणि कोपऱ्यावर पोलीस दिसताच झटकन खाली उतरून सायकल हाती धरून पायी चालू लागण्याची कला तेथील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना अवगत होती. पायी चालणाऱ्याला दिवा कोण विचारतो!

तेल आणि कार्बाइड यांची खटपट संपविली ती डायनॅमोने. टायरवर घासून फिरणारे ते बाटलीसारखे यंत्र, किंवा नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ साली काढलेला, चाकाच्या तुंब्यातच बसविलेला ‘डायनोहब’, यांना ना तेल लागे ना पाणी. स्वाराच्या पायांतील बळाचाच उजेड होई. उणीव एकच: सायकल थांबली की दिवा विझे, आणि चौकात वळण्यासाठी थांबलेला स्वार नेमक्या धोक्याच्या क्षणी अदृश्य होई. चाक थांबल्यावरही काही काळ जळणारे दिवे फार पुढे आले.

आता दिवा केवळ रात्रीचा राहिलेला नाही. डेन्मार्कमधील ओडेन्स शहरी २००४–०५ साली ३८४५ सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी १८४५ जणांच्या सायकलींना आऱ्यांवरील चुंबकांच्या योगे चालणारे दिवे बसविले. ते चाकाला स्पर्श न करता लुकलुकत आणि भर दुपारीही जळत. वर्षअखेर या स्वारांत इजा झालेल्या अपघातांचे प्रमाण इतरांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी भरले. सूर्यप्रकाशात दिवा लावून कोणी रस्ता पाहत नसतो. ओडेन्सच्या स्वारांचा तो दिवा केवळ दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी जळत होता.