जखडलेली आस : जुन्या पिकअप ट्रकमध्ये मागाहून बसविलेल्या डिफरेन्शियल लॉकचा इतिहास

प्रस्तावना :

यंत्राचा इतिहास बहुधा शोधकर्त्याच्या नावाने सुरू होतो आणि कारखान्याच्या दाराशी संपतो. पेटंट कोणी व केव्हा घेतले, कोणत्या कंपनीने ते बाजारात आणले, एवढे सांगितले की विषय पूर्ण झाला असे मानण्याची प्रथा आहे. विकले गेलेले वाहन त्यानंतर वीस-तीस वर्षे वापरले जाते. मालक, मेकॅनिक आणि वेल्डर या काळात त्यात काही ना काही बदल करीत राहतात. या दीर्घ काळाकडे इतिहासकारांचे लक्ष तुलनेने उशिरा गेले. रोनाल्ड क्लाइन व ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ साली अमेरिकेच्या ग्रामीण भागातील मोटारीविषयी लिहिताना वापरकर्त्यास तंत्रज्ञानाच्या घडणीतील एक कर्ता मानले. कॅथलीन फ्रान्झ यांनी २००५ मध्ये मोटारमालकांच्या खटपटींचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला, तर डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये नव्या शोधांपेक्षा वापर, देखभाल व दुरुस्ती यांना केंद्रस्थानी ठेवण्याचा आग्रह धरला.

प्रस्तुत निबंधात याच दृष्टीने एका छोट्या तांत्रिक बदलाचा मागोवा घेतला आहे. जुन्या पिकअप ट्रकच्या मागील आसात मागाहून लॉक बसविणे, हा तो बदल होय. दोन्ही चाके केव्हा स्वतंत्र फिरावीत आणि केव्हा एकत्र जखडली जावीत, हा निर्णय कोणी घ्यावा, हा या इतिहासातील मूळ प्रश्न आहे.

१. डिफरेन्शियलची गरज व उदय :

बैलगाडीला डिफरेन्शियलची गरज नसते. तिची आस स्थिर असते व दोन्ही चाके तिच्यावर आपापल्या गतीने फिरतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक अंतर कापते आणि आतले कमी, परंतु त्यामुळे अडचण निर्माण होत नाही. आसेला इंजिनाची गती जोडली की मात्र परिस्थिती बदलते. दोन चाकांत सुमारे १.४ मीटर अंतर असलेले वाहन पूर्ण उलट दिशेला वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे ४.४ मीटर जास्त धावावे लागते. चाके एकाच अखंड आसेवर जखडलेली असतील तर हा फरक टायरच्या घासण्यातून किंवा आसेवरील ताणातून भरून निघतो.

फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्यूर या घड्याळकारागिराने वाफेच्या गाडीसाठी १८२८ मध्ये यावरील दंतचक्रांच्या रचनेचे पेटंट घेतले. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडमधील कोव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी तीनचाकी सायकलीसाठी तिचा उपयोग केला. मोटारयुग सुरू झाले तेव्हा ही रचना हाताशी तयारच होती.

तथापि तिच्या गुणातच तिचा दोष दडलेला होता. साधे डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखेच बल देते. एक चाक चिखलात रुतून गरगर फिरू लागले की त्याला फिरविण्यास जेवढे अल्प बल लागते तेवढेच बल कोरड्या जमिनीवरील दुसऱ्या चाकालाही मिळते. परिणामी एक चाक व्यर्थ फिरते, दुसरे स्तब्ध राहते आणि वाहन जागचे हलत नाही. अमेरिकन शेतकऱ्यांनी हा दोषही कामाला लावला होता. फोर्डच्या मॉडेल टी गाडीचे एक मागचे चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा लावावा आणि त्या गतीवर शेतातील यंत्रे चालवावीत, ही त्यांची रीत क्लाइन व पिंच यांच्या लेखात आली आहे. जमिनीवरचे चाक स्थिर राहून सर्व गती उचललेल्या चाकाला मिळे, ती साध्या डिफरेन्शियलमुळेच.

२. लॉकचे विविध प्रकार :

या उणिवेवर विसाव्या शतकात निरनिराळ्या क्षेत्रांतून उपाय पुढे आले. शर्यतीच्या मोटारीचे चाक अतिशक्तीमुळे घसरते म्हणून फर्डिनंड पोर्श यांनी १९३५ मध्ये झेडएफ या जर्मन कंपनीकडून घसरण मर्यादित करणारे डिफरेन्शियल तयार करवून घेतले. जर्मनीतच युनिमॉग या शेतीवाहनाचे उत्पादन १९४८ मध्ये सुरू झाले. त्याच्या पुढील व मागील अशा दोन्ही आसांना लॉक होते. अमेरिकेत पॅकार्डने १९५६ मध्ये घसरण मर्यादित करणारी आस प्रवासी मोटारीत दिली. जनरल मोटर्सच्या हलक्या ट्रकसाठी ईटन कंपनीचा स्वयंचलित यांत्रिक लॉक १९७३ पासून उपलब्ध झाला. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की त्यातील भारयुक्त नियंत्रक फाकतो, खटका अडकतो व दोन्ही बाजू जखडल्या जातात. वाहनाची गती ताशी साधारण ३२ किलोमीटरच्या वर असेल तर तो लागत नाही.

या उपायांचे तीन वर्ग पडतात. पहिल्यात घर्षणाच्या साहाय्याने घसरण मर्यादित केली जाते. दुसऱ्यात यंत्रच परिस्थिती ओळखून लॉक लावते किंवा सोडते. तिसऱ्यात चालक कळ, तरफ अथवा बटण वापरून स्वतः निर्णय घेतो.

३. जुना पिकअप आणि त्याचा मालक :

मागाहून लॉक बसविण्याच्या प्रथेचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील टोयोटाचा छोटा पिकअप होय. अन्यत्र हायलक्स या नावाने परिचित असलेल्या या वाहनाचे उत्पादन १९६८ मध्ये सुरू झाले आणि १९७९ मध्ये त्याची चारचाकी चालनाची आवृत्ती आली. आयात केलेल्या हलक्या ट्रकवर अमेरिकेने १९६४ पासून २५ टक्के कर लावला होता. तरीही या पिकअपने तेथे पाय रोवले. १९९५ मध्ये टाकोमा हे नवे वाहन त्याच्या जागी आले. तोपर्यंत जुने पिकअप मोठ्या संख्येने दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती गेले होते. किंमत उतरलेली, इंजिन टिकाऊ आणि रचना सुटसुटीत, अशी ही वाहने प्रयोगास अनुकूल होती.

दुर्गम वाटांवर वाहन नेण्याची हौस अमेरिकेत महायुद्धोत्तर जीपगाड्यांपासून रुजली होती. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन मार्गावरील जीपचालकांचा मेळावा १९५३ पासूनचा आहे. अशा खडकाळ वाटेवर एक चाक हवेत लटकले की चारचाकी चालनाचे वाहनही अडते, कारण प्रत्येक आसेत एकेक साधे डिफरेन्शियल असते. त्यामुळे त्याच्या चारांपैकी दोन चाके निरुपयोगी होऊ शकतात.

४. बसवणुकीचे मार्ग :

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे डिफरेन्शियलमधील छोटी दंतचक्रे वेल्डिंगने कायमची जोडून टाकणे. वेल्डिंग यंत्रांच्या एका प्रसिद्ध कंपनीच्या नावावरून हौशी मंडळी त्याला थट्टेने ‘लिंकन लॉकर’ म्हणतात. यात आस परत मोकळी होत नाही. डांबरी रस्त्यावर टायर लवकर झिजतात, वळण जड जाते आणि ओल्या रस्त्यावर मागील भाग एकदम बाजूला सरकण्याचा धोका राहतो.

दुसरा मार्ग मूळ पेटीतील छोटी दंतचक्रे काढून त्या जागी दातेरी जोडतबकड्या बसविण्याचा. हे काम घरच्या अंगणात थोड्या वेळात उरकते, म्हणून या प्रकाराला ‘लंचबॉक्स’ लॉकर असे नाव पडले. तिसरा मार्ग ऑस्ट्रेलियातून आला. मेलबर्नच्या एआरबी या १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने १९८७ पासून हवेच्या दाबावर चालणारा लॉक विकण्यास आरंभ केला. छोटा कॉम्प्रेसर, विद्युत झडप व बारीक नळी यांच्या साहाय्याने हवा आसेच्या आत पोचते, दट्ट्या सरकतो आणि दोन्ही बाजू जखडतात. बटण बंद करताच आस पूर्ववत मोकळी होते.

चौथा मार्ग इतिहासाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. टोयोटाने १९९० च्या दशकात आपल्या काही वाहनांच्या मागील आसेत विजेच्या मोटरवर चालणारा लॉक कारखान्यातूनच देण्यास सुरुवात केली. ही वाहने अपघाताने वा वयोमानाने भंगारात येऊ लागताच त्यांच्या आसा जुन्या पिकअपच्या मालकांनी हेरल्या. क्राउन चक्राचा सुमारे २०० मिलिमीटर व्यास दोन्हींत समान असल्याने अदलाबदल सोपी वाटे. प्रत्यक्षात ती तशी नव्हती. लॉकची मोटर बाजूला फुगलेली असल्यामुळे तिला जागा देण्यासाठी जुन्या आसेच्या घराची कड कापावी लागे व काही बोल्टची ठिकाणे बदलावी लागत. संपूर्ण नवी आस घातली तर रुंदीतील फरक, हातब्रेकच्या तारा, ब्रेकच्या नळ्या आणि प्रॉपेलर शाफ्टचा जोड जुळवावा लागे. कमानींच्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागत. त्यांचा कोन थोडा जरी चुकला तरी शाफ्टचे सांधे थरथरत. वेल्डिंगची उष्णता बेताबाहेर गेली तर आसेचे घर वाकडे होई.

याखेरीज क्राउन व पिनियन यांची जुळणी हे कसबाचे काम होते. दात्यांमधील मोकळीक या आसेत सुमारे ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर इतकीच ठेवावी लागते. दात्यांना रंग लावून, चक्र फिरवून, उमटलेल्या ठशावरून पिनियनची खोली बरोबर आहे की नाही हे कारागीर ठरवितो. पुढील व मागील आसेचे दंतगुणोत्तर एकच असणे चारचाकी चालनात अनिवार्य असते, मागे ४.१० व पुढे ४.३० असा मेळ घातल्यास दोन्ही आसा परस्परांविरुद्ध ओढू लागतात. भंगारातून आलेला भाग बसविण्यापूर्वी त्याचे गुणोत्तर तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरे.

५. निर्णयाचा अधिकार :

कारखान्याच्या मूळ रचनेत टोयोटाचा हा लॉक चालकाने बटण दाबताच लागत नसे. वाहन चारचाकी चालनाच्या मंद गिअरमध्ये असावे व त्याची गती ताशी सुमारे ८ किलोमीटरच्या आत असावी, अशा अटी नियंत्रक संगणक तपासत असे. जुन्या पिकअपमध्ये आस बसविणारे अनेक जण हा संगणक वगळून रिले व साध्या बटणाने मोटर चालवीत. लॉक तोच राहिला, परंतु निर्मात्याने घातलेल्या अटी गळून पडल्या आणि निर्णय पूर्णतः चालकाकडे आला.

या स्वातंत्र्याची किंमतही होती. लॉक लागलेला असताना इंजिनाचे जवळजवळ सर्व बल एकाच बाजूच्या अर्धआसेवर येऊ शकते व ती तुटू शकते. तिरप्या उतारावर साध्या आसेचे एक चाक घसरले तरी दुसरे वाहनाला धरून ठेवते. जखडलेल्या आसेची दोन्ही चाके एकदम सुटली की संपूर्ण मागचा भाग खाली ओढला जातो. निर्मात्याने घातलेल्या अटी या अनुभवातूनच आलेल्या होत्या. मालकाची खटपट गौरवावी, परंतु त्या अटींमागील ज्ञानही विसरू नये, असा दुहेरी विवेक या इतिहासाने शिकविला.

दुसरीकडे मालकांच्या या खटपटीने लॉकची मागणी सिद्ध केली. २००३ च्या जीप रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीत पुढील व मागील लॉक कारखान्यातूनच आले. जीपचालकांच्या जुन्या वाटेचे नाव निर्मात्याने उचलावे, हे पुरेसे सूचक आहे.

६. महाराष्ट्राचा संदर्भ :

महाराष्ट्रातील बहुसंख्य शेतकऱ्यांना डिफरेन्शियल लॉक परिचित आहे तो ट्रॅक्टरवरील पायाच्या पट्टीमुळे. नांगरताना एक चाक ओल्या मातीत फिरू लागले की टाचेने पट्टी दाबायची आणि वळण्यापूर्वी ती सोडायची, हे ज्ञान शिवाराला नवे नाही. वाहनांच्या क्षेत्रात पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा या वाहनाला पुढे व मागे चालकाने लावावयाचे लॉक मिळाले, तर नाशिक येथे तयार होणाऱ्या महिंद्र थारच्या २०२० च्या आवृत्तीत मागील आसेसाठी स्वयंचलित यांत्रिक लॉक आला. निर्णय चालकाचा की यंत्राचा, हा जुना भेद या दोन वाहनांतही दिसतो.

मागाहून बदल करण्याच्या बाबतीत भारतीय कायद्याची भूमिका मात्र काटेकोर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनातील फेरफारांवर मर्यादा घातल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात, निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे स्पष्ट केले. अशा चौकटीत कारखान्यातूनच लॉक घेऊन येणाऱ्या वाहनाचे महत्त्व वाढते आणि गॅरेजमधील खटपटीचे क्षेत्र आक्रसते.

निष्कर्ष :

१) डिफरेन्शियलने चाकांना स्वातंत्र्य दिले, तर लॉकने प्रसंगी ते काढून घेतले. दोन्ही रचना परस्परपूरक असून कोणती केव्हा वापरावी हाच खरा प्रश्न राहिला.

२) लॉकचा विकास शर्यत, शेती, मालवाहतूक व हौस अशा अनेक क्षेत्रांतून झाला. त्याचे श्रेय एका शोधकर्त्याला देता येत नाही.

३) जुन्या पिकअपमध्ये भंगारातील आस बसविणाऱ्या मालकांनी वाहनाचे आयुष्य व उपयोग वाढविला. या कामी लागलेले मोजमापाचे, जुळणीचे आणि जोडकामाचे कसब तंत्रज्ञानाच्या इतिहासात नोंदविले जाणे आवश्यक आहे.

४) लॉक लावण्याचा अधिकार चालकाकडे येतो तेव्हा त्याच्या परिणामांची जबाबदारीही त्याच्याकडेच येते. कायदा, निर्माता व वापरकर्ता यांच्यातील या अधिकारविभागणीचा अभ्यास भारतीय गॅरेजांच्या संदर्भातही व्हावयास हवा. पेटंटच्या कागदात न सापडणारा हा इतिहास मेकॅनिकच्या हातात व स्मरणात जपलेला आहे, आणि ती पिढी हयात आहे तोवरच तो नोंदवून घेता येईल.