रूपाचा माग आणि स्थानाचा माग : पंकची मीमांसा व मध्य मुंबईची गाणी

लोकप्रिय संगीताच्या अभ्यासाला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळवून देण्यात पंक या संगीतप्रकाराचा वाटा मोठा आहे. 'सेक्स पिस्तल्स' या गटाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७६ च्या अखेरीस लंडनमध्ये बाहेर पडली आणि अवघ्या तीन वर्षांत, १९७९ मध्ये, डिक हेबडिज यांचा 'सबकल्चर : द मीनिंग ऑफ स्टाइल' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रिचर्ड हॉगर्ट यांनी १९६४ साली बर्मिंगहॅम येथे स्थापन केलेल्या आणि पुढे स्टुअर्ट हॉल यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या समकालीन संस्कृती अभ्यासकेंद्रात या विवेचनाची पूर्वतयारी झाली होती. कामगारवर्गीय तरुणांचे पोशाख, केशरचना, नाच आणि गाणी ही वर्चस्वाला दिलेली प्रतीकात्मक उत्तरे असतात, ही त्या केंद्राची मध्यवर्ती धारणा होती. हेबडिज यांनी तिला चिन्हमीमांसेची जोड दिली. कपड्यांवर टोचलेली सेफ्टी पिन ही त्यांच्या लेखी एक संहिता ठरली. लेव्ही-स्ट्रॉस यांच्याकडून घेतलेल्या जुळवाजुळवीच्या संकल्पनेने तिचे वाचन करता येते, असे त्यांनी दाखवले.

या मीमांसेत दोन गोष्टींची सांगड घातलेली आहे, हे मात्र पुरेसे लक्षात घेतले जात नाही. पहिली गोष्ट रूपाची : मोजके स्वर, कर्कश गिटार, हेतुतः राखलेला ओबडधोबडपणा, स्वतःच छापलेली अनियतकालिके. दुसरी गोष्ट स्थानाची : मंदीच्या काळातील बेरोजगार, कामगारवर्गीय तरुण. रूप हे स्थानातूनच उगवते आणि स्थानाशी समरचना राखते, हे या मीमांसेचे गृहीतक होय. खुद्द ब्रिटनमध्येच ते निर्वेधपणे टिकले नाही. अँजेला मॅकरॉबी यांनी १९८० मध्ये दाखवून दिले, की हा तरुण नेहमी पुरुषच असतो. मुलींचे घर, त्यांच्या खोल्या, त्यांचे ऐकणे या विवेचनात कोठेच येत नाही. सायमन फ्रिथ व हॉवर्ड हॉर्न यांनी १९८७ मध्ये ब्रिटिश पॉप संगीताच्या घडणीत कलाशाळांचा वाटा किती निर्णायक होता हे मांडले आणि पंकचे कामगारवर्गीयत्व हाही काही प्रमाणात एक रचलेला दावा ठरला. सांधा तेथेच सैल होता. मुंबईत तो पूर्ण निखळतो, आणि म्हणूनच मुंबईचे उदाहरण या सिद्धान्ताच्या परीक्षणासाठी उपयोगाचे आहे.

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकातील मुंबई या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९८४ मध्ये 'रॉक मशीन' हा गट स्थापन झाला. १९८६ मध्ये धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला. गिटारवर आधारलेले, इंग्रजी शब्दांचे हे संगीत प्रामुख्याने महाविद्यालयीन, इंग्रजी शिकलेल्या तरुणांचे होते. अगदी एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात 'द रायट पेडलर्स'सारखा स्वतःला उघडपणे पंक म्हणवणारा गट मुंबईत उभा राहिला, तेव्हाही श्रोतृवर्गाची ही चौकट फारशी बदलली नव्हती. त्याच नवव्या दशकात, त्याच शहरात, १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला, आणि लालबाग-परळच्या चाळींत एक अख्खी पिढी कारखान्याच्या भोंग्यावाचून वाढली.

म्हणजे ब्रिटिश सिद्धान्ताने एकत्र बांधलेल्या दोन गोष्टी मुंबईत दोन वेगळ्या ठिकाणी राहत होत्या. रूपाचा माग घेणारा अभ्यासक रंगभवनात पोहोचतो. स्थानाचा माग घेणारा लालबागेत. पाश्चात्त्य रूपाची भारतीय आवृत्ती शोधणे हीच ज्या संशोधनाची पद्धती असते, त्याला पहिला मार्ग सोपा वाटतो, कारण तेथे ओळखीची वाद्ये, ओळखीचे कपडे आणि इंग्रजीत बोलणारे निवेदक भेटतात. परंतु या मार्गाने जाणारा अभ्यासक पंकविषयक मीमांसेचे टरफल घेऊन गाभा टाकून देतो. मंदी, बेकारी आणि अपमान यांना तरुणांनी कोणता आवाज दिला, हा मूळ प्रश्न धोबी तलावला विचारून भागत नाही.

दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यापुढे वेगळी अडचण उभी राहते. गिरणगावाला आवाजाची उणीव कधीच नव्हती. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून पोवाडा, लावणी व वग यांना कामगारवस्तीची भाषा दिली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हीच शाहिरी मैदानांवर घुमली. तिच्याही मागे सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांची परंपरा होती. शर्मिला रेगे यांनी २००२ मधील आपल्या लावणी-पोवाडाविषयक निबंधात या जलशांचे महत्त्व नेमके दाखवले आहे : महाराष्ट्रातील लोकप्रिय संस्कृती ही जात व लिंगभाव यांच्या संघर्षाची भूमी असून तिच्याकडे केवळ करमणूक किंवा केवळ लोकपरंपरा म्हणून पाहता येत नाही. या भूमीवर 'उपसंस्कृती' ही संज्ञा अपुरी पडते. बर्मिंगहॅमच्या विवेचनात तरुणांची शैली पालकांच्या संस्कृतीपासून अंतर घेते, तिच्याशी वाटाघाट करते. गिरणगावातील गाणे पुष्कळदा पिढ्यांना जोडणारे होते. गणेशोत्सवाचा मंडप, जयंतीची मिरवणूक, भजनी मंडळ, भीमगीतांची कॅसेट यांत बाप आणि मुलगा एकाच सतरंजीवर बसत. तेव्हा बंडखोरी म्हणजे पालकांशी तुटणे, हे समीकरण येथे जसेच्या तसे लावता येणार नाही.

या ठिकाणी मराठी समीक्षेच्या स्वतःच्या वर्गवारीचाही विचार करावयास हवा. साठोत्तरी काळात लघुनियतकालिकांनी स्वतः लिहावे, स्वतः छापावे, स्वतः वाटावे हा मार्ग चोखाळला, तो लंडनच्या पंक अनियतकालिकांच्या कितीतरी आधी. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली, आणि शहराच्या तळातील भाषेला मराठी समीक्षेने, काहीशा कुरकुरीनंतर का होईना, वाङ्मयीन मूल्य मान्य केले. परंतु ही मान्यता छापील शब्दाला मिळाली. गायिलेला शब्द एकतर 'लोकसाहित्य' या कप्प्यात गेला, जेथे कर्ता अनामिक आणि काळ अनिश्चित मानला जातो. नाहीतर 'चळवळीचे साहित्य' या कप्प्यात, जेथे आशयाची नोंद होते आणि रूपाची चर्चा टाळली जाते. पहिल्या कप्प्याला शहर चालत नाही आणि दुसऱ्याला चळवळ संपल्यानंतरचा माणूस चालत नाही. १९८२ नंतरच्या मध्य मुंबईतील गाणे या दोहोंच्या मधल्या फटीत पडले. गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ साली 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' या ग्रंथाने प्रथम विस्ताराने समोर आणला. तो मीना मेनन या कार्यकर्तीने आणि नीरा आडारकर या वास्तुविशारदाने सिद्ध केला. जे काम वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या दारात होते, ते इतरांनी उचलले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

गिरणगावाच्या सीमेपलीकडे, परळपासून फार दूर नसलेल्या अँटॉप हिलकडे वळले म्हणजे हीच फट अधिक रुंद दिसते. ही वस्ती गिरण्यांची नव्हे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या चाळीवजा इमारतींची रांग, शेख मिस्रीचा दर्गा, कोकरी आगार या नावात उरलेली मिठागरांची आठवण, शेजारी फाळणीनंतर आलेल्या पंजाबी निर्वासितांचे शीव कोळीवाडा, आणि मधल्या जागेत दाटलेल्या झोपड्या अशी तिची घडण आहे. परळची चाळ कोकण आणि घाट यांच्या मराठीने बांधलेली होती. येथे मराठी, तमिळ, पंजाबी, उर्दू आणि उत्तरेकडील बोली एकाच नळावर भेटतात. जिचा एक मालक नाही, एक भोंगा नाही आणि म्हणून एक युनियनही नाही, अशा वस्तीचे सामाईक गाणे कोणत्या भाषेत असेल, हा प्रश्न येथे शैलीच्या आधी येतो.

२०१३ नंतर मुंबईत 'गल्ली रॅप' म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या संगीताने या प्रश्नाला एक उत्तर दिले. अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी यांनी २०१५ मध्ये एकत्र गायिलेले 'मेरे गली में' हे गीत या प्रकाराची खूणच झाले. अँटॉप हिलशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या एमिवे बंटाय याने मोठ्या ध्वनिमुद्रण संस्थांच्या आश्रयावाचून यूट्यूबवरून आपला श्रोतृवर्ग उभा केला. 'बंटाय' हा दोस्त-भाऊ या अर्थाचा मुंबईच्या बोलीतील शब्द. धारावीतील 'सेव्हन बंटाइज' या गटाच्या नावातही तो येतो. हेबडिज यांच्या पद्धतीने पाहू गेल्यास येथे वाचण्याजोगी शैली फारशी नाही : टोपी, साखळी, सैल सदरा हे सर्व अमेरिकी हिपहॉपमधून आलेले व बाजारात सहज मिळणारे आहे. वैशिष्ट्य आहे ते संबोधनात. गायक कोणत्या गल्लीचा, कोणाला हाक मारतो, कोणाला आव्हान देतो, यावर गीताचा सगळा भार असतो. नाममुद्रा, स्थाननिर्देश आणि प्रतिस्पर्ध्याला जाहीर सवाल ही सामग्री मराठी अभ्यासकाला परकी वाटू नये. शाहिराची नाममुद्रा आणि कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब त्याच्या परिचयाचे आहेत. थेट वारसा सिद्ध करण्याचा मोह येथे टाळावा. परंतु सवालाचे काव्यशास्त्र ज्या भाषेत आधीपासून आहे, तिच्या समीक्षेने या गीतांसाठी केवळ आयात केलेली परिभाषा वापरावी, हे विचित्र होय.

भाषेचा मुद्दा अधिक अवघड आहे. ही गीते बहुतांशी मुंबईच्या हिंदीत आहेत, आणि मराठी समीक्षा त्यांना आपल्या कक्षेबाहेर ठेवते ती याच कारणाने. ही सीमा वाटते तितकी स्वच्छ नाही. धारावीचे गट एकाच गीतात हिंदी, मराठी, तमिळ वापरतात. 'स्वदेसी' या गटाच्या २०१९ मधील 'द वारली रिव्होल्ट' या मराठी गीतात आरे येथील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचा स्वर आहे. कामगाराच्या गाण्याची भाषा मराठीवरून मुंबईच्या हिंदीकडे सरकली, तर तिचे कारण केवळ चित्रपटांच्या प्रभावात शोधून चालणार नाही. संघटित, स्थिर आणि बऱ्याच अंशी एकभाषिक अशी गिरणीतील नोकरी गेली. तिच्या जागी विखुरलेली, बहुभाषिक, असुरक्षित कामे आली. भाषेतील बदल हा श्रमाच्या बाजारातील बदलाचा दस्तऐवज आहे, आणि तो वाचणे हे मराठीच्या अभ्यासकाचेच काम आहे, कारण काय गेले हे त्यालाच माहीत आहे.

अर्थात, रस्त्यावरचे म्हणून जे जे येते ते प्रतिरोधाचे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' या १९९३ च्या ग्रंथात दाखवले आहे, की स्वस्त ध्वनिफितींनी मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडून प्रादेशिक गायकांना वाट दिली, आणि त्याच फितींनी जमातवादी प्रचारही घरोघर नेला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींचा वृत्तान्त श्रीकृष्ण आयोगाने पोलीस ठाण्यांनुसार मांडला आहे. त्यांत अँटॉप हिल पोलीस ठाण्याचेही प्रकरण आहे. 'आमची गल्ली' हा शब्दप्रयोग जसा आपलेपणाचा, तसा हद्दीचाही आहे. मॅकरॉबी यांचा आक्षेपही येथे तितकाच लागू पडतो : गल्लीत उभे राहून गाण्याचा हक्क प्रायः मुलांचाच राहिला आहे. एथिराज गॅब्रिएल दत्तात्रेयन यांनी दिल्लीतील हिपहॉपवरील २०२० च्या ग्रंथात पुरुषत्वाच्या घडणीला मध्यवर्ती स्थान दिले, ते याचमुळे. शिवाय, १४ फेब्रुवारी २०१९ रोजी 'गली बॉय' हा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा हेबडिज यांनी वर्णिलेली सामावून घेण्याची प्रक्रिया तिच्या दोन्ही अंगांनी पूर्ण झाली : बंडखोर शैली विक्रीयोग्य वस्तू झाली, आणि तिचा कर्ता जिद्दीने वर आलेला गुणी मुलगा म्हणून निरुपद्रवी ठरला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ३ मार्च २०१९ रोजी, मोनोरेलचे अँटॉप हिल स्थानक उघडले. दोन्ही घटनांनी वस्ती बाहेरच्यांना दिसू लागली. दिसणे म्हणजे ऐकले जाणे नव्हे.

पंकविषयक संशोधनातून मराठी अभ्यासकाने घ्यावयाचे ते काय, याचे उत्तर या इतिहासात आहे. त्या संशोधकांनी आपल्या समकालीन, अप्रतिष्ठित, कानाला खुपणाऱ्या संगीताकडे ते जिवंत असतानाच गंभीरपणे पाहिले. मराठी समीक्षेने शाहिरीकडे तसे पाहिले ते तिची वस्ती उठल्यावर. अँटॉप हिल, कुर्ला, धारावी येथील गीते आज खासगी कंपनीच्या संकेतस्थळावर आहेत. तेथून ती कधीही पुसली जाऊ शकतात. त्यांचे शब्द उतरवून घेणे, बोलीच्या टीपा देणे, गायकांच्या मुलाखती टिपणे, काळ व स्थळ नोंदवणे ही संहितासंपादनाची जुनी कामे आहेत. संतांच्या गाथा आणि शाहिरांच्या चोपड्या संपादणाऱ्या भाषेला ती नवी नाहीत.