खिळे जुळवणाऱ्या बायका

पाळकसाहेब करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय काढून बायकांना गप्प बसवू लागले, की पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली माझी आजी चष्मा पुसायची आणि रमाबाईंचं सुरू करायची. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईंनी चेल्टनहॅमला पुरुषांना शिकवावं असं घाटत होतं. मुंबईचे आणि लाहोरचे बिशप आडवे आले. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटलं, तिला! रमाबाईंनीही पत्रांतून खरमरीत उत्तरं दिली. पुढे १९०५ साली मुक्तीत झालेल्या धार्मिक जागृतीनंतर तिथल्या मुली टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगत फिरल्या. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल छापलं तेही मुक्तीतच, बायकांनी आपल्या हातांनी छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून. त्यातली एक प्रत आजीजवळ होती. ती पाळकांपुढे सरकवून म्हणायची, “वाचा की, यातले खिळे आम्हीच जुळवलेत.”