फरशीवरील लढाया आणि मंगळावरील तांबडे डगले

इंग्लंडांत १९१३ सालीं ‘लिट्ल वॉर्स’ ह्या नांवाचें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याचा कर्ता एच. जी. वेल्स. कालयंत्र, अदृश्य मनुष्य, मंगळावरून पृथ्वीवर झालेली स्वारी, असल्या कल्पनांनीं ज्यानें व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या अखेरीस वाचकांची झोंप उडविली, त्याच लेखकानें खोलीच्या फरशीवर शिशाचे शिपाई मांडून लढाई कशी करावी ह्याचे नियम ह्या पुस्तकांत मन लावून सांगितले आहेत. टेबलावर चिमुकल्या सेना मांडून युद्ध खेळणारे जे हौशी लोक आज देशोदेशीं आढळतात, ते ह्या पुस्तकास आपलें आद्य पुस्तक मानतात, आणि तें यथार्थच आहे.

वेल्सच्या पूर्वीं युद्धाचा खेळ नव्हता असें नाहीं. बुद्धिबळें तर आपल्याच देशांतून पश्चिमेकडे गेलीं. प्रशियांत राइसवित्झ नांवाच्या पितापुत्रांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ‘क्रीगश्पील’ नांवाचा युद्धखेळ रचला. नकाशा, ठोकळे व फांसे हें त्याचें साहित्य. पुत्राचे नियम १८२४ सालीं छापून निघाले व तेथील सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणांत त्यांना स्थान मिळालें. परंतु तो अभ्यास होता. खेळाची खरी गोडी कळली ती आर. एल. स्टीव्हन्सनला. फुफ्फुसाच्या विकारामुळें १८८१-८२ चा हिवाळा त्यानें स्वित्झर्लंडांतील दावोस येथें काढला. तेथें माळ्याच्या फरशीवर खडूनें नकाशा आंखून तो आपला सावत्र मुलगा लॉइड ऑस्बर्न ह्याच्याशीं शिशाच्या शिपायांच्या मोहिमा लढत असे. ती हकीकत लॉइडनें १८९८ सालीं, म्हणजे स्टीव्हन्सनच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, प्रसिद्ध केली.

पुढें दोन गोष्टी घडल्या. लंडनच्या विल्यम ब्रिटन ह्यांच्या कारखान्यानें १८९३ सालीं पोकळ ओतकामाचे शिपाई काढले, त्यामुळें मध्यम स्थितीच्या घरांतहि पलटणी येऊं लागल्या. आणि लांकडाची बारीकशी गोळी नेमकी उडविणारी स्प्रिंगची खेळण्यांतील तोफ बाजारांत आली. वेल्सच्या सँडगेट येथील घरीं एके दिवशीं जेवणानंतर एका मित्रानें ही तोफ उचलून मांडलेल्या शिपायांवर नेम धरला व यजमानास आव्हान दिलें. वेल्सनें मित्राचीं केवळ आद्याक्षरें दिलीं आहेत, पण तो विनोदी लेखक जेरोम के. जेरोम असावा हें ओळखण्यास फारसा तर्क लागत नाहीं. दोन प्रौढ साहित्यिक गालिच्यावर पालथे पडून गोळ्या झाडीत आहेत, ह्या चित्रांतून पुढील सर्व शास्त्र निघालें.

तें शास्त्र पाहण्यासारखें आहे. पायदळानें एका खेपेस एक फूट चालावें, घोडदळानें दोन फूट. तोफेजवळ ठराविक माणसें असल्याशिवाय ती डागतां येऊं नये. प्रत्येक खेळाडूची वेळ घड्याळानें मोजावी. पण ह्या सर्वांहून प्रस्तुत लेखकास मोलाचा वाटतो तो एक अगदीं साधा नियम. डोंगर, घरें, झाडें एका खेळाडूनें मांडावीं आणि आपण कोणत्या बाजूनें लढावयाचें हें मात्र दुसऱ्यानें निवडावें. घरांत दोन भावांना लाडू वांटून देतांना एकानें फोडावा व दुसऱ्यानें अर्धा आधीं उचलावा, ही जी आयांची युक्ति, तीच ही. आपल्या वांट्यास कोणती बाजू येईल हें ठाऊक नसल्यामुळें मांडणाराला न्यायानें वागणें भाग पडतें.

पुस्तकाच्या शेवटीं वेल्स खऱ्या युद्धावर तुटून पडतो. त्याच्या मतें फरशीवर तीन-चार लढाया खेळलेल्या मनुष्यास मोठें युद्ध ही केवढी घोडचूक आहे हें कळून चुकतें. सेनापतींना, राजांना व देशभक्तांना एका मोठ्या खोलीत शिपाई देऊन कोंडावें, असा त्याचा एकंदर अभिप्राय. पुढच्याच वर्षीं १९१४ चा ऑगस्ट उजाडला. पुस्तकाच्या परिशिष्टांत लष्करी सल्ल्याबद्दल कर्नल मार्क साइक्स ह्यांचे विशेष आभार मानलेले आहेत. हेच ते साइक्स, ज्यांनीं १९१६ सालीं फ्रेंच वकील पिको ह्यांच्यासह तुर्की साम्राज्यांतील अरब मुलुखाच्या वांटणीच्या रेषा नकाशावर ओढल्या. तेथें बाजू निवडण्याची पाळी अरबांस कोणी दिली नाहीं, आणि त्या वांटणीनें निर्माण केलेलीं भांडणें अद्याप मिटलेलीं नाहींत.

आतां मंगळाकडे वळूं. मिलानच्या स्कियापरेली ह्या ज्योतिषानें १८७७ सालीं मंगळावर रेषा पाहिल्या. त्यांस त्यानें दिलेल्या इटालियन नांवाचें इंग्रजींत ‘कालवे’ झालें, आणि कालवे म्हटले कीं ते खणणारे आलेच. वेल्सनें १८९८ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ मध्यें त्यांनाच पृथ्वीवर आणलें. पहिल्याच प्रकरणांत तो टास्मानियाच्या मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण देतो: युरोपीयांनीं तेथें केलें तेंच आतां लंडनवर गुदरत आहे. जेत्यांच्या वाचकाला जितांच्या जागीं बसविणारें असें पुस्तक साम्राज्याच्या ऐन भरांत लिहिणें ही लहान गोष्ट नव्हे.

नव्वद वर्षांनीं, १९८८ सालीं, अमेरिकेंत फ्रँक चॅडविक ह्यांनीं ‘स्पेस: १८८९’ हा खेळ काढला, त्याच्या जोडीस शिपायांच्या प्रतिमा घेऊन लढण्याचे नियमहि निघाले. ह्यांतील कल्पित इतिहासांत एडिसन १८७० सालीं ‘ईथर’मधून मंगळावर जातो, व त्याच्यामागून युरोपांतील सत्ता तेथें वसाहती करतात. म्हणजे वेल्सनें उलटें केलेलें चित्र पुन्हां सुलटें झालें. तांबड्या डगल्यांचे शिपाई मंगळावर चालून गेले.

हा प्रकार आम्हीं चार मित्रांनीं वेल्सच्या नियमांत फेरफार करून खेळून पाहिला. घरांत कांचसामान असल्यामुळें तोफेच्या जागीं फांसे घेतले. इंग्रज शिपायाला चार, पांच किंवा सहा पडलें तर शत्रु पडावा; मंगळवासीयाला मात्र सहाच पडलें पाहिजे. दोन ओळींच्या ह्या कोष्टकांत सबंध साम्राज्य येऊन बसतें. आमच्यापैकीं एक गृहस्थ दरवर्षीं विद्यार्थ्यांना १८५७ चा उठाव शिकवितात. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हां त्यांच्या वांट्यास तांबडे डगले आले. प्रथम ते कुरकुरले. पण अर्ध्या तासानें कालव्याच्या पुलावर अडकलेल्या आपल्या नऊ शिपायांसाठीं ते इतके व्याकूळ झाले कीं, समोर पडलेल्या साठ मंगळवासीयांकडे त्यांचें लक्षहि नव्हतें. खेळ मनुष्याला कोष्टकाच्या ज्या बाजूस बसवितो, त्या बाजूचीं प्रेतें तो मोजूं लागतो. इतिहासाच्या पुस्तकांतहि हेंच होतें, फक्त तेथें अर्ध्या तासाऐवजीं शंभर वर्षें लागतात.

परंतु त्या युगाच्या कल्पनेंतील सर्वांत देखणें यंत्र कोणाचें होतें, हें हे गृहस्थ विसरले नव्हते. ज्यूल्स व्हर्नच्या १८७० च्या कादंबरींतील नॉटिलस ही पाणबुडी. तिचा कप्तान नेमो कोठला, हें व्हर्ननें १८७५ पर्यंत गुप्त ठेविलें. ‘द मिस्टीरियस आयलंड’ मध्यें तो उलगडा झाला: बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपूचा पुतण्या, १८५७ त इंग्रजांशीं लढलेला. पुढील खेळांत नेमो मंगळवासीयांच्या बाजूनें उतरवावा, व त्याला फांशाचें कोष्टक इंग्रजांचेंच द्यावें, असा त्यांनीं ठराव मांडला आहे. मंगळावर समुद्र नाहीं ही एक अडचण. आणि नॉटिलस कालव्यांत मावेल किंवा नाहीं, ह्यावर आमचें अद्याप एकमत झालेलें नाहीं.