बीडचे आकाश आणि देवयानीतला ढग

भास्कराचार्यांनी आपल्या गावाचे नाव विज्जडविड असे दिले असून ते सह्य पर्वताच्या आश्रयाला असल्याचे सांगितले आहे. हे गाव नेमके कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकापासून वाद आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख सापडल्यामुळे पाटणचे पारडे जड मानले जाते. कोणी विजापूरचे नाव घेतात, तर नावातील साम्य आणि सह्याद्रीचा फाटा असलेला बालाघाट यांच्या आधारे बीडचाही दावा मांडला जातो. हा वाद येथे सोडवण्याचा आमचा मानस नाही. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या या गणितज्ञाने ११५० साली ज्या दख्खनी आकाशाखाली 'सिद्धान्तशिरोमणि' पूर्ण केला, त्याच आकाशाखाली बीड वसलेले आहे. त्या आकाशाकडे कोणत्या काळी कोणता प्रश्न घेऊन पाहिले गेले, एवढाच आमचा विषय आहे.

आपल्या आकाशगंगेपलीकडची एक मोठी दीर्घिका या आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसते. मराठी तारकानकाशांत जिला देवयानी म्हणतात, त्या तारकासमूहात एक फिकट, लांबट ढगासारखा ठिपका आहे. तो दीर्घिकेचा केवळ उजळ गाभा. इराणी ज्योतिर्विद अल्-सूफी याने इ.स. ९६४ च्या सुमारास आपल्या तारकाग्रंथात त्याची नोंद 'लहानसा ढग' अशी केली. म्हणजे 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला जाण्यापूर्वी पावणेदोनशेहून अधिक वर्षे.

मग आपल्याकडे काय झाले? आमच्या पूर्वजांची नजर अधू होती असे कोणी म्हणणार नाही. देवयानीच्या शेजारीच उत्तरा भाद्रपदा नक्षत्र आहे, आणि नक्षत्रांच्या योगताऱ्यांची स्थाने सिद्धान्तकार अंशांत देत असत. परंतु त्यांच्यापुढचे प्रश्न निराळे होते: ग्रहांची गती, ग्रहणांची वेळ, तिथी आणि अयन. जो ढग जागचा हलत नाही, ज्याने पंचांगात घटकेचाही फरक पडत नाही, त्याला त्या शास्त्राच्या विषयसूचीत जागा नव्हती. विशेष म्हणजे याच ग्रंथाच्या यंत्राध्यायात शंकू, चक्र, फलक अशी यंत्रे वर्णिल्यावर भास्कराचार्य या सर्वांहून श्रेष्ठ ठरवतात ते धीयंत्र, म्हणजे बुद्धी.

पुढचा टप्पा निजामी अमलातला. १९४८ पर्यंत बीड हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्या संस्थानात नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्वतःच्या हौसेने वेधशाळा उभारली आणि १९०८ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. हीच निजामिया वेधशाळा. १८८७ च्या पॅरिस परिषदेत साऱ्या आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा करण्याचे ठरले होते. त्यातील दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांचा पट्टा या वेधशाळेने सांभाळला. काचेवरच्या ठिपक्यांची मोजदाद करण्यात तिथल्या माणसांची वर्षानुवर्षे गेली.

हे काम चालू असतानाच दीर्घिकांचा प्रश्न अमेरिकेत निकाली निघाला. १९२३ च्या ऑक्टोबरात माउंट विल्सनवरील शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचेवर एडविन हबल यांना देवयानीतल्या त्या ढगात एक सेफीड जातीचा रूपविकारी तारा सापडला. अशा ताऱ्याची प्रकाशबदलाची आवर्तने मोजली की त्याचे खरे तेज कळते, आणि खऱ्या तेजाची दिसणाऱ्या तेजाशी तुलना केली की अंतर कळते. हबल यांचे उत्तर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे आले; आजचे उत्तर पंचवीस लाख आहे. चूक मोठी असली तरी एवढे निश्चित झाले, की तो ढग आकाशगंगेच्या बाहेरचा आहे.

आता पुण्यातील संशोधक याच वाटेने फार पुढे गेले आहेत. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांत शोधलेली 'अलकनंदा' ही सर्पिल दीर्घिका २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा प्रकाश सुमारे बारा अब्ज वर्षांपूर्वी निघालेला आहे.

भास्कराचार्य आमचेच, असे म्हणण्याचा हक्क शिलालेखावरून ठरेल. त्यांचा वारसा मात्र वेध घेण्याने चालतो, आणि त्यासाठी बीडला कोणाची वाट पाहावी लागत नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, रात्रीच्या पहिल्या प्रहरी, गावाच्या दिव्यांपासून दूर बालाघाटावर जावे. भाद्रपदांचा चौकोन शोधून त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून, हात लांब धरून दीड मूठ अंतरावर, उत्तर-पूर्वेला पाहावे. याच दिवसांत जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार परमुलखात कोप्या टाकून राहतात. त्यांच्यासोबत गेलेल्या मुलांच्या डोक्यावरही तो ढग असतो. त्या मुलांना तो काय आहे हे सांगणारे कोणी भेटले, तर यंत्राध्यायातले शेवटचे यंत्र त्यांच्याजवळ आहेच.