परिफुप्फुस गुहा : ऐतिहासिक आढावा

फुप्फुसाचा पृष्ठभाग व छातीच्या भित्तीची आतील बाजू यांना आच्छादणाऱ्या परिफुप्फुस या पातळ पटलाच्या दोन थरांमधील फटीस परिफुप्फुस गुहा म्हणतात. ‘गुहा’ हे नाव काहीसे फसवे आहे. निरोगी अवस्थेत तीत हवा नसते. केवळ काही मिलि. वंगणरूप द्रव असतो. फुप्फुसाची ओढ आक्रसण्याकडे, तर वक्षभित्तीची बाहेर पसरण्याकडे असल्याने फटीतील दाब सामान्यतः वातावरणीय दाबापेक्षा कमी असतो. छातीस भोक पडताच बाहेरील हवा आत शिरते व फुप्फुस मिटते. वक्षशस्त्रक्रिया इतर शस्त्रक्रियांच्या मागे राहिली, याचे हे एक प्रमुख कारण होय. (प्रौढ हत्तीत ही फट नसते, त्याचे फुप्फुस संयोजी ऊतकाने वक्षभित्तीस जोडलेले असते.)

या गुहेत साठलेला पू काढण्याची शस्त्रक्रिया मात्र प्राचीन आहे. हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत रुग्णास हलवून छातीतील खळखळ ऐकणे, फासळ्यांमधून छेद घेणे व पू एकदम वाहू न देता थोडाथोडा काढणे, असे वर्णन आढळते. या सावधगिरीमागील दाबाचे कारण तेव्हा अज्ञात होते. तथापि ती योग्यच होती.

तिचा विसर पडल्याचे परिणाम १९१७-१८ मध्ये अमेरिकन लष्करी छावण्यांत दिसले. गोवर व इन्फ्ल्यूएंझा यांच्या साथींत मालागोलाणुजन्य न्यूमोनिया होऊन असंख्य सैनिकांच्या छातीत पातळ पू साठला. शस्त्रवैद्यांनी रूढ पद्धतीनुसार तत्काळ छाती उघडली. सु. ३० टक्के रुग्ण दगावले. याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगातील एव्हार्ट्‌स ग्रेअम व रिचर्ड बेल यांनी कारण दाखवून दिले : दोन्ही फुप्फुसांमधील मध्यावकाश ही ताठ भिंत नसून ती हलते, त्यामुळे एक बाजू उघडली तरी दोन्ही फुप्फुसांवर दाब येतो. पू दाट होऊन फुप्फुस भोवताली चिकटेपर्यंत तो सुईने काढावा, छेद नंतर घ्यावा, असा नियम त्यांनी घातला. त्यानंतर मृत्यूचे प्रमाण पुष्कळच घटले. हवा आत येऊ न देता पाण्याखाली बुडविलेल्या नळीतून पू काढण्याची रीत जर्मन वैद्य गोटहार्ट ब्यूलाऊ यांनी १८९१ मध्येच प्रसिद्ध केली होती.

क्षयरोगात याच चिकटण्याचा उपद्रव होई. इटालियन वैद्य कार्लो फोर्लानीनी यांनी १८८२ मध्ये गुहेत मुद्दाम वायू भरून रोगट फुप्फुसास विश्रांती देण्याची कल्पना मांडली. फुप्फुस भित्तीस चिकटलेले असल्यास ते मिटत नसे. म्हणून स्वीडिश वैद्य हान्स क्रिस्टिआन याकोबेउस यांनी वक्षदर्शकातून पाहत ती बंधने जाळून तोडण्याचे तंत्र रूढ केले. स्ट्रेप्टोमायसिनासारखी औषधे उपलब्ध झाल्यावर वायू भरण्याचा उपचार मागे पडला. वक्षदर्शन मात्र टिकले.

छाती निर्धास्तपणे उघडण्यासाठी फेर्डिनांट झाउअरब्रूख यांनी १९०४ मध्ये कमी दाबाची खोली वापरली. रुग्णाचे डोके तेवढे बाहेर असे. ही अवजड योजना फार काळ चालली नाही. श्वासनालात नळी घालून दाबाखाली हवा देण्याची सोपी पद्धत पुढे सर्वत्र रुळली. ग्रेअम यांनीच १९३३ मध्ये कर्करोगग्रस्त फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत संपूर्ण काढले. तो रुग्ण ग्रेअम यांच्या निधनानंतरही (१९५७) हयात होता.